पालखी इस्पितळाच्या दारात थांबली

डॉ. शरयू केंकरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते खालून वर. मी इस्पितळाच्या जमिनीवर चटईवर पडले होते, कळांनी जीव घाबरा झाला होता, आणि त्या दारातून आत येत होत्या. खाटा सगळ्या भरलेल्या. एका खाटेवर तर दोघी बाळंतिणी उलटसुलट निजल्या होत्या. माझे ते दुसरे बाळंतपण. पहिले माहेरी, पेडण्याच्या केरीला झाले होते, तिथे निदान आईचा पलंग तरी होता. इथे चटई बघून मला रडूच फुटले.  डॉक्टरबायांनी पदर कमरेला खोचला, सरळ माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भिवं नाका गो बाय, हांव आसां न्हय?"

माझा मुलगा त्या जमिनीवर जन्मला. सगळे आटोपल्यावर त्या उठू लागल्या तर त्यांचे पाय वळले होते. नर्स मारियासिस्टरांनी हात देऊन उठवले. जाता जाता डॉक्टरबाय मला म्हणाल्या, "फुडल्या खेपेक तुका खाट दितां."

"फुडली खेप नाका गे बाय!" मी म्हटले. सगळ्या खोलीभर बाळंतिणी हसल्या. हसताना टाके ओढले म्हणून एक जण डॉक्टरबायांनाच ओरडली.

आज डॉक्टरबायांना पंच्याहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले मोठमोठे डॉक्टर या गौरवग्रंथात लिहीत आहेत. मी मॅट्रिक झालेली गृहिणी. इस्पितळाच्या साहाय्य समितीचा जमाखर्च मी पुष्कळ वर्षे सांभाळला, एवढाच माझा अधिकार. पण जे डोळ्यांनी पाहिले ते सांगायला डिग्री लागत नाही, असे त्याच म्हणत, म्हणून धीर करते.

आमचा गाव डिचोली तालुक्यातला. इस्पितळ पोर्तुगीज अमदानीतले, नळ्यांचे छप्पर, जाड भिंती, लाकडी जनेले म्हणजे खिडक्या. गावापुरते ते बरे होते. पण गोवा घटकराज्य झाले त्या सुमाराला इकडची वस्ती बघता बघता वाढली. सुर्ल्याच्या बाजूला खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे. त्या कामाला सिंधुदुर्गातून माणसे आली, भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली, मग त्यांच्या बायका आल्या, संसार झाले. त्यांची बाळंतपणे कुठे व्हायची? खोलीत, नाहीतर आमच्या चटईवर. अडली तर म्हापशाला न्यायची, तीही गाडी मिळाली तर. वाटेत ट्रकांची रांग लागली की संपले. अशी रांग आमच्या गावातल्या एका पोरीच्या जिवावर बेतली. तिचे नाव इथे लिहीत नाही, तिची आई हा ग्रंथ वाचील.

त्या पोरीनंतर डॉक्टरबायांनी एकच गोष्ट धरली. आपल्या इस्पितळाला स्वतंत्र बाळंतपणाचा विभाग हवा, त्यात शस्त्रक्रियेची सोय हवी. पणजीला त्या किती वेळा गेल्या असतील देव जाणे. मारियासिस्टर म्हणायच्या, "आमच्या डॉक्टरबायक पणजेचे पदेर लेगीत वळखतात." सकाळी हे पदेर, म्हणजे पाववाले, निघायच्या वेळेला त्या पहिल्या बसने तिकडे पोचलेल्या असत, आणि दुपारच्या तपासणीला परत इकडे हजर. शेवटी मंजुरी आली. पण तिला एक अट होती. पावसाळ्याआधी बांधकामाची जागा दाखवायची. नाही दाखवली तर मंजुरी दुसऱ्या तालुक्याला जाणार.

आणि जागाच नव्हती. इस्पितळाच्या मागे उभा डोंगर. समोर, इस्पितळ आणि रस्ता यांच्यामध्ये, लांबट पट्टा मोकळा होता, पण तो ग्रामदेवी सातेरीच्या देवस्थानाचा. शिगम्यात देवीची पालखी त्याच पट्ट्यावरून मांडावर, म्हणजे खेळाच्या पटांगणात, जाते. देवस्थानाच्या महाजनांचे म्हणणे असे, की जागा इस्पितळाला देऊ, तिथे औषधे ठेवा, दवाखाना करा, पण बाळंतिणीची खोली नको. देवीच्या वाटेवर रोजची सोयर. आम्हा बायकांना यात काही नवल वाटले नाही. घरात मूल जन्मले की दहा दिवस देवाचा दिवा दुसऱ्याने लावायचा, हे सगळ्यांच्याच घरचे. मग इथे तर रोज जन्म.

पणजीहून एक साहेब आले. चांगले होते, तळमळीने बोलले. "डॉक्टर, तुम्ही लिहून द्या. सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येते. देवस्थान कोर्टात गेले तरी टिकणार नाही."

डॉक्टरबाय म्हणाल्या, "साहेब, जमीन मेळतली. बायलो मेळच्यो नात."

साहेबांना कळले नाही. तेव्हा डॉक्टरबायांनी मराठीत सांगितले, "देवीच्या वाटेवर जबरदस्तीने बांधलेल्या खोलीत आमच्या गावची एकही बाई बाळंत व्हायला येणार नाही. तुमची इमारत उभी राहील, आणि पोरी घरीच मरतील." त्या बोलत होत्या तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते. माझा हात थांबला. कारण ते खरे होते. मी स्वतः गेले असते की नाही, मला सांगता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी देवळात बैठक ठरली. देवस्थानाचे अध्यक्ष दत्ताराम गांवकर, सगळे त्यांना आबा म्हणत. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा, आणि मन त्याहून मोठे, पण रीतीच्या बाबतीत दगड. सभामंडपात पुरुष एका बाजूला, आम्ही बायका दुसऱ्या बाजूला. डॉक्टरबाय न्हाऊन, कोरे लुगडे नेसून, उपाशीपोटी आल्या होत्या, कारण कौल लावायचा तर तशीच रीत. आबांनी थट्टेनेच सुरुवात केली.

"डॉक्टरबाय, आमकां इस्पितळ नाका अशें न्हय. पूण तुमकां तर सदांचीच सोयर! तुमी देवळांत आयल्यात हेंच खूब."

मंडपात हशा पिकला. डॉक्टरबायही हसल्या. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "आबा, तुमच्या जल्माक वयजीण कोण आशिल्ली?"

वयजीण म्हणजे गावची सुईण. आबा म्हणाले, "गंगी वयजीण. आनी कोण? ह्या मंडपांतले अर्दे जाण तिच्याच हातांत पडल्यात."

"ती देवळांत येताली?"

"येताली म्हणजे? शिगम्यांत पालखी तिच्या दारांत रावताली! तिचो नाल्ल घेतल्याबगर देवी फुडें वचनासली." नाल्ल म्हणजे नारळ; तो घेतल्याशिवाय देवी पुढे जात नसे.

"मागीर तिका सोयर?"

"वयजिणीक कसली सोयर गो?" आबा चिडलेच. "तिका सोयर लागली जाल्यार गांवांत जल्म कोण घेतलो?"

बोलले आणि थांबले.   डॉक्टरबाय हात जोडून तशाच बसून राहिल्या. गंगी वयजीण वारली, तिचे घर पावसात बसले, मागे कोणी उरले नाही, तेव्हापासून पालखी सरळ मांडावर जाऊ लागली होती. रीत मोडली नव्हती, नुसती वारस नसल्याने पडून राहिली होती. हे सगळ्यांना ठाऊक होते. पण इस्पितळ म्हणजे आताचे वयजिणीचे घर, असे जोडून बघायचे कोणाला सुचले नव्हते.

आबांनी मिशांवरून हात फिरवला. "म्हाका म्हज्याच तोंडान बांदलो मगो तुवें!" म्हणाले. 'तुमकां'वरून 'तुवें'वर आले, तेव्हाच मला वाटले, अर्धे काम झाले.

पण अर्धेच. दोन-तीन महाजन उठून म्हणाले, "आबा, तुम्ही मानलेत, आम्ही मानले, पण देवीने मानायला हवे." आबा म्हणाले, "तें खरें." मग कौल लागला. पुरसो गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या भिजल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न आबांनीच घातला, गाऱ्हाण्याच्या आवाजात. "देवी माते, वयजिणीच्या घराचो मान पयलीं आशिल्लो, तो आतां ह्या इस्पितळाक दिवंचो काय? तुजी पालखी थंय रावतली काय? मनांत आसा जाल्यार उजवी दी." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पाकळ्या चिकटून राहिल्या. गाऱ्हाणे पुन्हा घातले. समया तेवत होत्या. डॉक्टरबायांचे ओठ हलत होते. आमची मंजुरी, त्यांच्या पणजीच्या सगळ्या खेपा, साऱ्या बायकांची बाळंतपणे, सगळे त्या ओल्या पाकळीवर टांगले होते.

तेवढ्यात इस्पितळातला वॉर्डबॉय धापा टाकत मंडपाच्या पायरीशी आला. सुर्ल्याहून एक ट्रक ड्रायव्हर बायकोला घेऊन आला होता. सिंधुदुर्गातली माणसे. मूल आडवे होते. "मारियासिस्टरीन बेगीन आपयल्यात."

कौल लागलेला असताना उठायचे नसते. उठणे म्हणजे देवीच्या उत्तराकडे पाठ करणे. डॉक्टरबायांना हे माहीत नव्हते असे नाही. त्या पेडण्याच्याच, देवळाच्या आवारात वाढलेल्या. त्यांनी देवीला वाकून नमस्कार केला आणि उठल्या. चपला घालायलाही थांबल्या नाहीत.

मंडपात एकच गलका. "कौल सोडून चलली!" "देवीक पाठ दाखयली!" "आतां सोपलें!" सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. माझी वळली नाही. त्यांना जाताना बघायचा मला धीर नव्हता, म्हणून मी देवीकडेच बघत राहिले. आणि उजव्या अंगाची पाकळी हळूच सुटली आणि खाली पडली.

"उजवी!" पुरसो ओरडला. "देवीन उजवी दिली!"

"कोणें पळयली?" मागून एक महाजन म्हणाला. "सगळीं दाराकडेन पळयतालीं."

मी आयुष्यात पुरुषांच्या बैठकीत कधी तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी उभी राहून म्हटले, "मी बघितली." तरी तो म्हणाला, "परत लावया." तेव्हा आबा असे काही गरजले की समईची ज्योत हलली. "देवीन उजवी दिल्याउपरांत परत विचारता तो देवीक मानिना! उठा!"

मग आबा काठी घेऊन तडक इस्पितळाकडे निघाले. आम्ही मागोमाग. व्हरांड्यात बराच वेळ बसावे लागले. आबांनी तिथला बाक नको म्हटले, पायरीवरच बसले. आतून बाळाचे रडणे ऐकू आले तेव्हा तो ट्रक ड्रायव्हर आबांच्याच गळ्यात पडला. ओळख ना पाळख. डॉक्टरबाय बाहेर आल्या, कोपरापर्यंत हात ओले. आबांना बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, हे नकार सांगायला आले.

आबांनी आधी विचारले, "बाय कशी आसा?"

"दोगांय बरीं आसात, आबा. चली जाली." मुलगी झाली होती.

"देवीन उजवी दिल्या," आबा म्हणाले.

डॉक्टरबाय तिथेच खांबाला टेकून रडल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिले नाही.

पावसाळ्याआधी जागेचे कागद झाले, आणि पाऊस सरताच पाया खणला. पण डॉक्टरबायांनी इस्पितळ एक दिवसही बंद ठेवले नाही. एका अंगाला गवंडी, दुसऱ्या अंगाला पेशंट. धूळ आत येऊ नये म्हणून जनेलांना आमच्या जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. जुन्या बाजूचा एक भाग पाडायचा झाला तेव्हा कंत्राटदार सागवानी दारे उचलून न्यायला निघाला. डॉक्टरबाय म्हणाल्या, "हे लाकूड आमच्या आजोबांच्या वेळचे, नव्या प्लायवूडला हसेल. घासा आणि बसवा." आज शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जी दारे आहेत ती तीच. काटकसर मलाही आवडते, पण त्यांच्यापुढे मी उधळीच. त्यांच्या सत्काराला कोणी हार आणला की त्या विचारत, "हा परत देता येईल का? त्या पैशांचा साबण आणा."

इमारत झाली आणि पाटीवरून भांडण झाले. तो काळच तसा होता. राजभाषेवरून घराघरांत वाद होता, आमच्या घरी तर जेवतानाही. एक गट म्हणे पाटी मराठीत, दुसरा म्हणे कोंकणीत. रंगारी डबा घेऊन दोन दिवस बसून राहिला. डॉक्टरबायांनी त्याच्याकडून आधी एक आई आणि तिच्या कुशीतले मूल काढून घेतले, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही दार कळेल. मग दोन्ही गटांना बोलावून म्हणाल्या, "हे चित्र कोणत्या भाषेतले ते मला सांगा, त्याच भाषेत खाली लिहू." गट गेले घरी. मग दोन्ही भाषांत लिहिले. कोणी काही बोलले नाही.

आणि मग शिगमो आला. त्या वर्षीची पालखी बघायला मये, सुर्ला, सगळीकडून माणसे आली होती. ढोल वाजत होते. पालखी नव्या इमारतीपुढे आली आणि खांदेकऱ्यांनी टेकवली. आता नारळ द्यायचा वयजिणीने. आबा म्हणाले, "आपयात डॉक्टरबायक." आत निरोप गेला आणि तसाच परत आला. डॉक्टरबाय एका बाळंतपणात गुंतल्या आहेत, येऊ शकत नाहीत. त्यांनी सांगितलेय, जिचे हात मोकळे आहेत ती येईल.

हात मोकळे होते मारियासिस्टरांचे. त्या दारात आल्या, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात क्रूस, हातात नारळ, आणि थबकल्या. ढोल थांबले. मला वाटले आता काय होते. मारियासिस्टर आबांकडे बघून हळूच म्हणाल्या, "आबा, हांव किरिस्तांव."

आबा म्हणाले, "देवीन जात विचारूंक ना, वयजीण विचारल्या. दी नाल्ल." मग खांदेकऱ्यांना ओरडले, "पळयतात कितें? वाजयात!"

ढोल असा वाजला की आतल्या बाळाचे रडणे ऐकूच आले नाही. ते आम्हाला नंतर कळले. मुलगा होता.

त्या दिवसापासून गावच्या बायकांचे पाय मोकळे झाले. ज्या सासवा सुनेला इस्पितळात पाठवायला नाही म्हणत, त्याच आता कळा सुरू व्हायच्या आधी गाठोडे बांधून आणून सोडू लागल्या. देवस्थानाकडून तांदूळ आणि नारळ येऊ लागले. बाळंतिणींना सकाळी पेज आणि नाचणीचे तिजन मिळू लागले. सिंधुदुर्गातल्या मजुरांच्या बायका आणि महाजनांच्या सुना एकाच ओळीतल्या खाटांवर, एकाच पातेल्यातले तिजन पिताना मी पाहिल्या आहेत. आणि हो, चटई त्या खोलीत पुन्हा कधी आली नाही.

डॉक्टरबायांचा मोठेपणा मला विचाराल तर मी एवढेच सांगेन, की त्यांनी कोणाला हरवून काम केले नाही. आमच्या सासूबाईंचा हात मोडला तेव्हा त्या हाडवैदाशिवाय कोणाला हात लावू देईनात. डॉक्टरबाय घरी आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, "आई, हाडवैदाला मीच बोलावते. फोटो काढू, आम्ही दोघे मिळून बघू." दोघांनी खरोखर फोटो उजेडात धरून बघितला. हाडवैद म्हणाला, "डॉक्टरबाय बांदतात तशेंच बरें." सासूबाईंनी हात पुढे केला. त्यात ना सासूबाई हरल्या, ना हाडवैद. आमचे हे आजारी होते तेव्हा महिनाभर त्या घरी जाता जाता आमच्या दारात डोकावत. आत येत नसत. बाहेरूनच विचारत, "गोळ्यो घेतल्यो?" आणि ह्यांनी खोटे सांगितले की आवाजावरून ओळखत.

आता त्या निवृत्त आहेत. तरी इस्पितळाच्या मागच्या अंगाला डोंगर कापून लहान मुलांचा विभाग उभा राहतो आहे, तिथे रोज सकाळी छत्री घेऊन उभ्या असतात. कंत्राटदार मला म्हणाला, "बाय, त्यांना सांगा, तब्येत सांभाळा." मी सांगितले. त्या म्हणाल्या, "तब्येत सांभाळायलाच तर आले आहे इथे. त्याने भिंत तिरकी बांधली तर माझा रक्तदाब वाढेल."

त्या वयाने मोठ्या, म्हणून मला त्यांना आशीर्वाद देता येत नाही. मागणे तेवढे मागता येते. आई सातेरी, आमच्या डॉक्टरबायांना शंभर वर्षे दे, आणि तीही चालती-बोलती, कोणावर भार न होता, जमल्यास आमच्यावर ओरडत. त्या नव्या विभागाचे दार त्यांच्याच हातून उघडू दे. आणि त्या दाराने आत जाणाऱ्या पहिल्या लेकराला त्यांचे बोट घट्ट धरून ठेवू दे, म्हणजे त्यांना घरी जायची घाई होणार नाही.